पाणपोई आहे, पण रांजण रिकामा

जुन्नरहून कोकणात उतरणारी सर्वांत जुनी वाट म्हणजे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल जनावरांच्या पाठीवरून याच घाटाने वर येई आणि जुन्नरहून पुढे देशावर जाई. घाटमाथ्यावर आजही एक भला मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, अशी रीत होती म्हणून सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. अभ्यासक येतात ते तो वाचायला. आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या नजरेत मात्र भरतात ती आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी. घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला सर्वांत आधी पाणी लागते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. जकात घेतली, तसे पाणीही दिले.

पुढे वाटा बदलल्या, वाहने बदलली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत पोचले. वाफेच्या इंजिनालाही तहान होतीच. ठरावीक स्टेशनांवर पाण्याची टाकी असे, कोळशाचा ढीग असे, आणि मुख्य म्हणजे पाणी सोडायला व कोळसा भरायला तिथे माणूस असे. मग मोटारी आल्या, पेट्रोलपंप आले. रात्री-अपरात्री पंपावर गेलात, तरी खाटेवरून उठून डोळे चोळत येणारा एखादा पोऱ्या असायचा. वाहन कोणतेही असो, वाटेवर त्याची तहान भागवणारा माणूस असला म्हणजे प्रवास होतो.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांची तहान विजेची. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत त्यांच्यासाठी जागोजागी पाणपोया मांडल्या आहेत. त्यांना चार्जिंग स्टेशन म्हणतात. गेल्या वैशाखात या पाणपोयांवरून हिंडण्याचा योग आला. जे पाहिले ते गावाकडच्या मंडळींना सांगावेसे वाटले, कारण उद्या ही गाडी आपल्याही अंगणात उभी राहणार आहे.

युनिटाचा हिशेब

आधी गाडी समजून घेऊ. माझा भाचा डोंबिवलीला नोकरी करतो. त्याने कर्ज काढून विजेची मोटार घेतली. तिच्या पोटात साधारण तीस युनिटांची बॅटरी आहे. आपल्या वीजबिलावर असते तेच हे युनिट. एका युनिटात गाडी सपाट रस्त्यावर सात-आठ किलोमीटर जाते, म्हणजे भरल्या पोटी दोनशे किलोमीटरच्या आसपास.

पोट भरण्याच्या रीती दोन. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला वायर लावली, तर तासाला जेमतेम तीन युनिटे आत जातात. रात्री लावावी, पहाटे काढावी. दुसरी रीत म्हणजे रस्त्यावरचे मोठे यंत्र. ते तासाला पंचवीस, तीस, कुठे साठ युनिटांच्या वेगानेही भरते. मात्र बॅटरी ऐंशी टक्के भरली की हा वेग आपोआप मंदावतो. घागर काठोकाठ येऊ लागली की आपण पाण्याची धार बारीक करतो, तसेच हे.

घाटात आणखी एक गंमत आहे. गाडी आणि माणसे मिळून पावणेदोन टनांचे वजन सहाशे मीटर वर न्यायचे, तर नुसत्या उंचीपोटी जवळपास तीन युनिटे लागतात. रस्ता कापायला लागतात ती वेगळी. पण उतरताना चाकेच मोटर फिरवतात, मोटरचे जनित्र होते आणि त्यातली काही वीज बॅटरीत परत येते. डिझेलची गाडी घाट उतरली म्हणून टाकीत डिझेल वाढल्याचे आपण कधी पाहिले आहे काय? माळशेज उतरताना भाच्याने काच्यावरचा आकडा दाखवला. खरोखरच तो एक-दोन टक्क्यांनी वाढला होता. आमची मंडळी मागे बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, ही तर चालता चालता चरते!"

ठाण्याला जाण्याचे कारण

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिचे ठाण्याच्या एका इस्पितळात पोटाचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी रविवारी घरी सोडतो म्हणून सांगितले. चार दिवस माहेरच्या हवेला आण, असे आम्हीच भाच्याला म्हटले. तो शनिवारी ओतूरला आला. रात्रभर गाडी आमच्या पडवीतल्या सॉकेटला लावली. सकाळी तीसची तीस युनिटे घेऊन आम्ही तिघे निघालो. माळशेज, वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, कल्याण करीत ठाण्याला पोचलो, तेव्हा बॅटरीत चौदा युनिटे शिल्लक होती. परतीच्या एकशेतीस किलोमीटरला, घाट धरून, वीस-एकवीस युनिटे हवीत. म्हणजे सहा-सात युनिटांची तूट. मोठ्या यंत्रावर हे वीस-पंचवीस मिनिटांचे काम. चहा पिऊन होईपर्यंत उरकले असते.

डॉक्टरांनी अक्काला दुपारी एकला सोडले. त्यांची सूचना एकच होती. टाके ओले आहेत, फार वेळ बसवून ठेवू नका, संध्याकाळच्या आत आडवे करा.

एकामागून एक

पहिले स्टेशन एका मोठ्या बाजारसंकुलाच्या तळघरात होते. आत शिरायला पार्किंगचे पैसे मोजले. यंत्र होते, वर हिरवी पाटीही होती. पण ते सुरू करायचे मोबाइलवरून, आणि तळघरात मोबाइलला रेंज नाही. भाचा वर जाऊन अ‍ॅप उघडी, खाली येईपर्यंत ते मिटे. शेवटी पहारेकऱ्याने सांगितले, "साहेब, ते आठ दिवस झाले बंदच आहे." कंपनीला कळवले का, म्हणून विचारले. तो म्हणाला, "माझं काम गाड्या लावायचं. यंत्र माझ्याकडं नाही."

दुसरे स्टेशन घोडबंदर रस्त्याला. मोबाइलवर तिथे 'उपलब्ध' असे लिहिलेले. वाहनांच्या रांगेत आठ किलोमीटर जाऊन पाहतो, तर यंत्र चालू आहे, पण त्याच्या दावणीला पेट्रोलची मोटार बांधलेली. मालक कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. पाऊण तास वाट पाहिली. ऊन चढत होते. अक्कासाठी गाडीतली गार हवा चालू ठेवावी, तर उरली-सुरली वीज खर्च होते, बंद करावी, तर तिला घाम फुटतो.

तिसरे स्टेशन कल्याण-शिळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या बाहेर. मुंब्र्याच्या बाह्यवळणाने शिळफाट्याला आणि तिथून वाहनांच्या गर्दीतून तिथवर पोचायला साडेचार वाजले. या कंपनीचे अ‍ॅप वेगळे. आधी त्यात नाव, नंबर, गाडीचा क्रमांक भरायचा. मग त्यांच्या खात्यात पैसे टाकायचे, निदान ठरलेली रक्कम तरी, मग तुम्हाला तेवढे लागो न लागो. भाच्याच्या मोबाइलमध्ये अशी सात अ‍ॅप होती आणि सातांत थोडे थोडे पैसे अडकलेले. यंत्र सुरू झाले. आम्ही हुश्श म्हणतो तोच, एक युनिट भरून ते थांबले. पडद्यावर तांबडी अक्षरे आली. पाटीवरच्या नंबरला फोन लावला. तिकडून गाणे वाजले, मग हिंदीतून एक बाई बोलल्या. त्यांनी कुठूनशा लांबच्या गावाहून यंत्र दोनदा बंद-चालू करून पाहिले आणि तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर मिळाला. वीज मिळाली नाही.

भाच्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या सोसायटीत गाडीसाठी प्लग बसवायला कमिटीची परवानगी नाही, त्यामुळे त्याचे रोजचेच असे. अक्का डोळे मिटून पडली होती. ती एवढेच म्हणाली, "पोरा, जवळ जे घर असंल तिथं ने मला." डोंबिवलीचे तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून जायचा. ते या अंगाने शक्य नव्हते. म्हणूनच तर माहेरी न्यायची होती.

पंधरा अँपिअरचा माणूस

कल्याणातून शहाडचा पूल ओलांडून मुरबाड रस्त्याला लागलो. म्हारळ, वरप, कांबा मागे पडले. रायत्याला उल्हास नदीचा पूल ओलांडला. गोवेलीच्या पुढे एका शेतकऱ्याचे रस्त्याकडेचे हॉटेल आहे. तिथे थांबलो ते अक्काला जरा पाय पसरता यावेत म्हणून. मालकाने खाट दिली, उशी दिली. आमची कथा ऐकली आणि म्हणाला, "एवढंच ना? मागच्या भिंतीला थंडपेटीचं सॉकेट हाय. लावा त्याला."

साधे पंधरा अँपिअरचे सॉकेट. पण त्याचे अर्थिंग व्यवस्थित होते, कारण थंडपेटीचा झटका पोराला बसल्यावर त्याने जमिनीत खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून ते नव्याने केले होते. अर्थिंग नसेल तर ही गाडी वीज घेतच नाही. सहा वाजता वायर लावली. तासाला तीन युनिटे. साडेनऊपर्यंत दहा युनिटे भरली. तेवढ्या वेळात अक्का खाटेवर आडवी झाली, मालकाच्या कारभारणीने तिला पेज करून दिली. निघताना मालकाने मिटरचे आकडे पाहून युनिटाचे वीस रुपये धरून दोनशे रुपये घेतले. पेजेचे घ्यायला तयार नव्हता. रात्री बाराला घरी पोचलो. अक्काला दोन दिवस अंगात कणकण राहिली, मग सावरली.

लाखो रुपयांची तीन यंत्रे जे करू शकली नाहीत, ते थंडपेटीच्या सॉकेटने केले, याचा विचार घाट चढताना मनात घोळत होता.

वीज होती, वाली नव्हता

कोणी म्हणेल, वीज गेली असेल. तसेही होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई काही तास अंधारात गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पण आम्ही गेलो त्या दिवशी तिन्ही ठिकाणी दिवे लखलखत होते. वीज होती. यंत्रही होते. नव्हता तो यंत्राचा वाली.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. गावात हातपंप बसतो. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्याचा दांडा निखळतो आणि मग तो कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नसते. ग्रामपंचायत म्हणते तालुक्याचा, तालुका म्हणतो ठेकेदाराचा. चार्जिंगच्या यंत्राचेही तेच. जागा एकाची, यंत्र दुसऱ्याचे, वीजजोडणी तिसऱ्याच्या नावाची, मोबाइलचे अ‍ॅप चौथ्याचे. बारभाईंची खेती, त्यात प्रवाशाच्या हाती काय लागणार?

आणि मोजणी होते ती बसवलेल्या यंत्रांची. २०२४ सालच्या अखेरीस देशात पंचवीस हजारांवर सार्वजनिक चार्जिंग स्टेशने झाली होती, त्यांत महाराष्ट्रातली साडेतीन हजारांवर होती. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूचनांत शहरांमध्ये २०३० पर्यंत एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक, आणि महामार्गावर दर वीस किलोमीटरला एक, असे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठेवली आहे. हे चांगलेच आहे. पण नाणेघाटात जकात घेऊन पाणी देत असत. आता जकात माफ आहे आणि पाण्याचा भरवसा नाही. घाई असलेल्या माणसाला यांतले कोणते हवे?

समृद्धी महामार्गाचे इगतपुरी ते आमणे हे शेवटचे टोक ५ जून २०२५ रोजी खुले झाले. आमणे हे ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातले गाव. नागपूरपासून सातशे एक किलोमीटर येणारी मोटार याच मुलखात उतरते. विदर्भ-मराठवाड्यातला माणूस उद्या विजेची गाडी घेऊन आमण्याला उतरला आणि ठाण्या-कल्याणात बंद यंत्रासमोर उभा राहिला, तर त्याला ना ओळखीचे घर, ना गोवेलीची वाट ठाऊक.

दुसरीकडे काय करतात

ज्या देशांत या गाड्या आपल्या आधी पसरल्या, त्यांनाही हाच अनुभव आला. म्हणून तिथे सरकारांनी यंत्रे मोजण्यावर न थांबता ती चालू किती वेळ असतात, हे मोजायला सुरुवात केली. अमेरिकेत २०२३ साली नियम झाला, की केंद्राच्या पैशातून उभारलेले यंत्र वर्षातला सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळ चालू असले पाहिजे. ब्रिटनने त्याच वर्षी कायदा केला. त्यानुसार कंपनीची मोठी यंत्रे सरासरीने वर्षातला नव्व्याण्णव टक्के वेळ चालू हवीत, साध्या बँककार्डाने पैसे घेतले पाहिजेत आणि मदतीचा फोन चोवीस तास लागला पाहिजे. विश्वासार्हतेची ही अट नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाली, आणि ती मोडली तर दर यंत्रामागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

इतके लांब जायलाही नको. आपली एसटी घ्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. या बसचे पोट भरते ते ठरलेल्या आगारातल्या ठरलेल्या यंत्रावर. ते बंद पडले तर दुसऱ्या दिवशीची फेरी चुकते आणि कोणाला तरी जाब द्यावा लागतो. जाब द्यावा लागतो तिथे यंत्र चालते. आपली विहीर आणि गावचा हातपंप, यांतला फरक तो हाच.

आपण काय करावे

माझे म्हणणे गाडीविरुद्ध नाही. भाच्याची गाडी धूर करीत नाही, आवाज करीत नाही आणि घरच्या सॉकेटवर भरली तर डिझेलच्या मानाने फार स्वस्त पडते. रोज तालुक्याला जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर करणाऱ्या शेतकऱ्याला ती उत्तम. घ्यायची असेल, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात. घरी पंधरा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, जाड तार आणि पक्के अर्थिंग आहे काय? रात्री सहा-आठ तास घरची वीज टिकते काय? नेहमीची दोन्ही वेळची वाटचाल बॅटरीच्या निम्म्या-पाऊण भागात बसते काय? आणि लांबच्या प्रवासात, जिथे थांबणार त्या ठिकाणी फोन करून 'यंत्र आज चालू आहे का' असे माणसाच्या तोंडून ऐकले आहे काय? मोबाइलमधल्या हिरव्या खुणेवर आजारी माणसाला घेऊन निघू नये.

दुसरे सांगणे रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांना. मुरबाड रस्ता असो, नाशिकचा असो की नगरचा, ज्यांचे हॉटेल, रसवंती किंवा दुकान आहे, त्यांनी भिंतीला एक चांगले सॉकेट काढून 'गाडी चार्ज होईल' अशी पाटी लावावी. चार्जिंगची सोय देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे, आणि महावितरणकडे चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्ग आहे. वीज मात्र शेतीपंपाच्या जोडणीवरून कधीही देऊ नये. ती जोडणी पंपासाठी आहे, ती दुसऱ्या कामाला वापरली तर दंडाची पाळी येते. वायरमनकडून स्वतंत्र तार ओढून घ्यावी, झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच बसवावा आणि मिटर पाहून पैसे घ्यावेत. तीन तास थांबलेला प्रवासी दोन चहा, एक जेवण आणि जाताना टोपलीभर भाजी घेतोच.

तिसरे सांगणे कारभाऱ्यांना. पालिकेने आणि सरकारने नव्या यंत्राची फीत जरूर कापावी. पण प्रत्येक यंत्रावर त्या जागेच्या माणसाचे नाव आणि नंबर लिहावा, गेल्या महिन्यात ते किती दिवस बंद होते ते पाटीवर मांडावे आणि बंद दिवसांचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापावेत. कोणत्याही यंत्रावर कोणत्याही माणसाला साध्या रीतीने पैसे देता यावेत. दूध डेअरीवर फॅट कमी लागली तर आपले पैसे त्याच दिवशी कापतात. मग बंद यंत्राला वेगळा न्याय कशासाठी?

पाणपोई घालणे पुण्याचे काम खरे. पण रोज सकाळी रांजण घासून, गाळून पाणी भरणारे हात नसतील, तर ती पाणपोई तहानलेल्याला नुसतीच आशा लावते.